पार्सलचे डबे

पार्सलचे डबे : हॉटेलातून, खाणावळीतून किंवा गाडीवरून अन्न घरी नेण्यासाठी मिळणारी, एकदा वापरून टाकून द्यायची भांडी. पॉलिप्रॉपिलीनचे झाकणाचे डबे, थर्मोकोलच्या ताटल्या, ॲल्युमिनियम फॉइलच्या वाट्या, आतून प्लास्टिकचा थर दिलेले कागदी पेले आणि सांबार-रस्सा बांधून देण्याच्या पातळ पिशव्या हे त्यांचे नेहमीचे प्रकार. जेवण अर्ध्या तासात आटोपते; भांडे मात्र कित्येक वर्षे नाल्यात, किनाऱ्यावर किंवा कचरा डेपोत पडून राहते.

पॉलिप्रॉपिलीन वितळवून पुन्हा वापरता येते. डब्याच्या तळाशी त्रिकोणात छापलेला ५ हा आकडा त्याचीच खूण. अडचण तेलाची आणि उष्ट्याची असते. ओल्या कचऱ्यात लडबडलेला डबा वेचून, धुऊन भंगारवाल्याकडे नेणे कचरावेचकाला परवडत नाही, कारण भंगाराचा भाव वजनावर ठरतो आणि डबा हलका असतो. थर्मोकोलचे दुखणे याहून मोठे. त्यात बहुतांश हवाच असल्याने टेम्पो भरला तरी वजन भरत नाही, शिवाय त्याचा भुगा होऊन पांढरे मणी पाण्यावर दूरवर पसरतात. कागदी पेल्यातला कागद आणि प्लास्टिक वेगळे करणे साध्या कारखान्याला जमत नाही.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गटारे तुंबण्याला प्लास्टिकच्या पिशव्यांनीही हातभार लावल्याचे तेव्हा साऱ्यांच्या लक्षात आले. २००६ साली राज्यात अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा कायदा झाला. त्याच्याच आधारे २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राने एकदाच वापरायच्या प्लास्टिक आणि थर्मोकोलच्या वस्तूंवर बंदी घातली; हॉटेलांतले पार्सलचे डबेही तीत आले. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, तिसऱ्याला २५,००० रुपये आणि तीन महिन्यांची कैद, अशी तरतूद होती. १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या केंद्राच्या बंदीत ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ आहेत, झाकणाच्या डब्याचा मात्र स्वतंत्र उल्लेख नाही.

पर्यायांमध्ये सर्वांत जुनी पत्रावळ. पळसाची पाने चोयांनी टाचून ती आणि द्रोण तयार होतात. उष्ट्यासकट खतात जातात. रस्सा घरी न्यायला मात्र त्यांचा उपयोग नाही. पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या झाडाच्या, गळून पडलेल्या झावळीची विरी ओली करून गरम साच्यात दाबली की घट्ट ताटली बनते. तरीही २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, सुपारीतील अल्कलॉइडे अन्नात उतरण्याच्या शंकेने, अशा भांड्यांना मान्यता नसल्याचे जाहीर केले. उसाच्या चिपाडाचे डबे साखरपट्ट्याला सोयीचे. पण तेल झिरपू नये म्हणून काही उत्पादक फ्लोरिनयुक्त रसायने वापरत आले. अन्नाच्या कागदी वेष्टनांत अशा रसायनांवर डेन्मार्कने २०२० मध्ये बंदी घातली. मक्याच्या स्टार्चपासून बनणारे पीएलए हे जैवप्लास्टिक औद्योगिक खतप्रकल्पातल्या ६० अंशांच्या आसपासच्या उष्णतेतच नीट कुजते. नाल्यात पडले तर ते प्लास्टिकसारखेच पडून राहते. त्यामुळे ‘कंपोस्टेबल’ शिक्क्याचा डबा घेताना आपल्या गावात तसा प्रकल्प आहे का, हे आधी पाहायला हवे.

म्हणूनच नवा पदार्थ शोधण्यापेक्षा परत येणारे भांडे अधिक भरवशाचे ठरते. मुंबईचे डबेवाले १८९० पासून हेच करत आले आहेत : सकाळी घरून निघालेला डबा संध्याकाळपर्यंत घरी परततो. जर्मनीत ट्युबिंगेन शहराने १ जानेवारी २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्रत्येक डब्यावर आणि पेल्यावर ५० सेंट कर लावला. त्याविरुद्धची तक्रार जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयापर्यंत गेली, आणि जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेला निकाल शहराच्या बाजूने लागला. २०२३ पासून जर्मनीतील उपाहारगृहांना प्लास्टिकच्या डब्यासोबत परत करण्याजोगे भांडेही, तेवढ्याच किमतीत, उपलब्ध ठेवावे लागते; अनामत घेता येते. पाच किंवा कमी कामगार आणि ८० चौरस मीटरपर्यंत जागा असलेल्या दुकानांना यातून सूट आहे, मात्र गिऱ्हाइकाने आणलेल्या भांड्यात अन्न भरून देणे त्यांना बंधनकारक आहे. महाराष्ट्रातल्या छोट्या खाणावळींना ही दुसरी तरतूद सहज पेलण्याजोगी आहे : घरून आणलेल्या स्टीलच्या डब्यात भाजी भरून द्यायला नवे भांडवल लागत नाही, उलट पार्सलच्या डब्याचा खर्च वाचतो.