भिंतीवरच्या बंदुकीचें वय

यवतमाळ जिल्ह्यांतील एखाद्या जुन्या वाड्यांत लांब नळीची बंदूक टांगलेली दिसली कीं, मनांत पहिला प्रश्न येतो तो हा : ही पांढरकवड्याच्या लढाईंतली तर नसेल?

ता. १७ एप्रिल १८१८ रोजीं पांढरकवड्यानजीक कर्नल ॲडम्सच्या फौजेनें दुसऱ्या बाजीरावाला गांठलें. पेशव्यांचें सैन्य मोडलें, आणि ३ जून रोजीं बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. पळत्या सैन्याचीं हत्यारें रानोमाळ पडलीं असतील, असें सहज वाटतें. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा शोधावयाचा तो बंदुकीच्या अंगावरच.

तोड्याची बंदूक आपल्याकडे शतकानुशतकें घडत आली, म्हणून नुसत्या घडणीवरून तिचें वय ठरत नाहीं. गारेच्या बंदुकीची गोष्ट निराळी. तिच्या घोड्याखालच्या पट्टीवर कंपनी सरकार आरंभीं हृदयाकृतींत आपलीं आद्याक्षरें उमटवीत असे. सुमारें १८०८ पासून तेथें उभा सिंह आला. जुन्या पट्ट्यांवर कारागिराचें नांव व सालही आढळतें. नळीच्या बुडाशीं परीक्षेचे ठसे असतात. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ च्या कायद्यानें निघालें. सबब त्याचा ठसा त्यापूर्वींचा असणें शक्य नाहीं. टोपीची बंदूक फौजेंत रुळली ती १८४० च्या सुमारास. मात्र गारेची बंदूक मागाहून टोपीची करून घेत, म्हणून रंजकाची वाटी काढल्याच्या व भोकें बुजविल्याच्या खुणा अवश्य पहाव्या.

अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनियाच्या जर्मन कारागिरांनीं १८ व्या शतकांत घडविलेल्या लांब रायफलींचा शोध असाच चालतो. लँकेस्टरच्या जेकब डिकर्टसारख्यांचें नांव नळीच्या वरच्या पैलूवर सांपडतें. नांव नसल्यास दस्त्यांतील पितळी डबीच्या झांकणावरून व लाकडावरील नक्षीवरून कारागिराचा प्रांत ओळखतात. तेथेंही एक फसगत आहे. घोड्याची कळ पुष्कळदां इंग्लंडहून विकत आणीत. म्हणून पट्टीवरचें नांव बंदूक घडविणाराचेंच असेल असें नाहीं.

आतां निकाल कसा द्यावयाचा? बंदुकीच्या सर्वच खुणा १८१८ नंतरच्या निघाल्या, तर ती त्या रणांत नव्हती हें निश्चित. आधींच्या निघाल्या, तर ती असूं शकेल, एवढेंच. घराण्याच्या अभिमानाला हें उत्तर तोकडें वाटेल. पण इतिहासाला त्याहून अधिक बोलण्याचा अधिकार नाहीं.

दोन विनंत्या करून थांबतों. जुनी बंदूक भरलेली असूं शकते, म्हणून जाणत्याकडून तपासून घेतल्यावांचून तिला हात लावूं नये. आणि खंडेनवमीच्या पूजेसाठीं ती विटेच्या पुडीनें घासूं नये. लखलखीत झालेल्या पट्टीवरून जें पुसलें जातें, तेंच तिचें जन्मसाल असतें.