गोठायला निमित्त लागते

शाळेत आपण सगळ्यांनी एक वाक्य पाठ केलेले असते : पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठते. मी इतिहास आणि मराठी शिकवणारा मास्तर. हे वाक्य शिकवायची वेळ माझ्यावर आली ती फक्त विज्ञानाचे सर रजेवर असले की मिळणाऱ्या ऑफ तासाला. पण निवृत्तीनंतर वाचायला भरपूर वेळ मिळाला आणि लक्षात आले, की या एवढ्याशा वाक्यामागे तीनशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात थर्मामीटर बनवणारा एक कारागीर आहे, अलाहाबादचे बर्फवाले आहेत, शाळा अर्धवट सोडलेला एक यंत्रकामगार आहे, आणि शेवटी आपल्याकडची गारपीटसुद्धा आहे. आज त्याबद्दलच लिहितो.

आधी मूळ मुद्दा. बर्फ शून्य अंशाला वितळतो हे पक्के. पण पाणी शून्याला गोठेलच असे नाही! पाणी स्वच्छ असेल, भांडे स्वच्छ असेल आणि धक्का लागला नाही, तर ते उणे पाच, उणे दहा अंशांपर्यंतही पाणीच राहू शकते. ढगातले अगदी बारीक शुद्ध थेंब तर उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतात. अशा पाण्याला अतिशीत पाणी म्हणतात. त्यात बर्फाचा एक कण टाका किंवा भांड्याला टिचकी मारा, की डोळ्यांदेखत सुया सुटतात आणि बर्फ होतो.

असे का व्हावे? बर्फात पाण्याच्या रेणूंची एक ठरावीक मांडणी असते. थंडी असली तरी ती मांडणी कुठून तरी सुरू व्हावी लागते. पहिला एवढासा गट जमला की बाकीचे रेणू भराभर त्याला चिकटतात. आपल्या घरातले उदाहरण द्यायचे तर विरजणाचे. दूध कोमट आहे, भांडे झाकून ठेवले आहे, पण विरजण लावले नाही तर हवे तसे दही लागत नाही. (विरजणात जिवाणू असतात, बर्फाच्या कणात नसतात, पण सुरुवात करून देण्याचे काम तेच.) पाण्यातला धुळीचा एखादा कण, भांड्यावरचा ओरखडा हे सगळे असे विरजणच. आपल्या रोजच्या पाण्यात ते काही ना काही असतेच. म्हणून शून्याच्या जरा खाली गेले की पाणी बहुधा गोठते आणि पुस्तकातले वाक्य खरे वाटते.

हे पहिल्यांदा नीट पाहिले ते डॅनिएल गाब्रिएल फॅरनहाइट याने. ताप मोजताना आपण ज्याचे नाव घेतो, तोच हा. जन्म १६८६ चा, डान्झिगचा (आजचे पोलंडमधले ग्दान्स्क). पंधरा वर्षांचा असताना विषारी अळंबी खाऊन आई आणि वडील दोघेही गेले. पोराला व्यापार शिकायला अ‍ॅमस्टरडॅमला धाडले, पण त्याचे मन रमले ते काचेच्या नळ्यांत आणि पाऱ्यात.

१७२१ च्या मार्च महिन्यात त्याने काचेचा एक लहान गोळा पावसाच्या पाण्याने अर्धा भरला, आतली हवा काढून तोंड बंद केले आणि तो रात्रभर थंडीत ठेवला. बाहेरचे तापमान त्याच्याच मापाने १५ अंश, म्हणजे आपल्या हिशोबाने उणे साडेनऊच्या आसपास. सकाळी पाहतो तो पाणी जसेच्या तसे! त्याला वाटले, आत हवा नाही म्हणून असे होत असावे. त्याने गोळ्याचे टोक मोडून हवा आत सोडली, तशी बर्फाची पाती पाण्यात पसरली. झाले, सिद्धान्त पक्का झाला असे वाटण्याजोगेच होते. पण पुढे एकदा असाच गोळा हातात घेऊन जाताना जिन्यात त्याचा पाय अडखळला. टोक शाबूत, हवा आत गेलेली नाही, आणि तरी पाण्यात बर्फ झाला. मग हवेचे कारण कसे म्हणायचे? कारण हिसक्याचे होते. १७२४ साली हे सगळे त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लॅटिनमध्ये छापले. आपल्या पहिल्या कल्पनेला मुरड घालणारी जिन्यातली घटना त्याने त्यात लपवून ठेवली नाही, याचे मला फार कौतुक वाटते.

आणखी एक बारकावा त्याच्या नजरेतून सुटला नाही. बर्फ होताच थर्मामीटर वर चढला आणि त्याच्या मापातल्या ३२ अंशांवर, म्हणजे आपल्या शून्यावर, येऊन थांबला. थंडीने बर्फ झाला आणि तापमान वाढले! त्याचा उलगडा पुढे स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने केला. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकते, तिला ब्लॅकने सुप्त उष्णता म्हटले. ही उष्णता बरीच असते. पाणी शून्याखाली जितके अंश गेलेले असेल, तितके ऐंशीवे हिस्सेच क्षणात गोठतात. उणे साडेनऊ अंशांच्या पाण्यातला जेमतेम आठवा भाग. हल्ली मुले बाटली आपटून 'झटक्यात बर्फ' होतानाचे व्हिडिओ दाखवतात, त्या बाटलीत खरे तर बर्फाचा गोळेवाला देतो तसला पाणचट चुराच असतो. उरलेले पाणी सावकाश गोठते.

ब्लॅकच्या काळातच आपला देश या कथेत येतो. सर रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने अलाहाबादला बर्फ कसा बनवतात याचे वर्णन १७७५ साली रॉयल सोसायटीच्या त्याच नियतकालिकात लिहिले. उघड्या मैदानात सुमारे तीस फूट चौरस आणि दोन फूट खोल खड्डे खणायचे, तळाशी उसाची चिपाडे किंवा मक्याची वाळलेली ताटे अंथरायची, आणि त्यावर मातीच्या कच्च्या, उथळ थाळ्या पाणी भरून मांडायच्या. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री थाळ्यांतली उष्णता आकाशाकडे निघून जायची, थोडे पाणी मातीतून झिरपून वाळायचे, आणि उजाडायच्या आत थाळीत बर्फ! यंत्र नाही, औषध नाही. हे पाणी आधी उकळून गार करून घेत, असे बार्करने लिहिले आहे.

उकळलेले पाणी लवकर गोठते का, हा प्रश्न तेव्हा चर्चेत होता. त्याच वर्षी ब्लॅकने एडिंबराच्या थंडीत उकळलेले आणि न उकळलेले पाणी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. उकळलेल्यावर बर्फ आधी धरला. न उकळलेले मात्र शून्याखाली जाऊनही पाणीच राहिले, आणि हलवले की लगेच गोठले. दोन्ही हलवत ठेवली तर दोन्ही बरोबरच गोठली. अलाहाबादच्या त्या कारागिरांची नावे कुठेच नोंदलेली नाहीत. इतिहास शिकवणाऱ्याला अशा जागा टोचतात.

पुढची मोठी उडी १९४६ ची. अमेरिकेत स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत व्हिन्सेंट शेफर नावाचा माणूस काम करत होता. घरच्या परिस्थितीमुळे शाळा अर्धवट सोडून यंत्रकामगार झालेला, पुढे नोबेल विजेत्या आयर्विंग लँगम्यूरचा मदतनीस. तो एका शीतपेटीत तोंडाची वाफ सोडून छोटा ढग तयार करी. शून्याच्या बराच खाली जाऊनही तो ढग पाण्याचाच राही. त्या जुलैत एक दिवस पेटी पुरेशी गार नाही म्हणून त्याने कोरड्या बर्फाचा, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा, तुकडा आत ठेवला आणि क्षणात सारी पेटी चमचमत्या हिमकणांनी भरून गेली. नोव्हेंबरात त्याने विमानातून खऱ्या ढगात तोच प्रयोग केला. त्याच महिन्यात त्याचा सहकारी बर्नार्ड व्हॉनेगट याने सिल्व्हर आयोडाइड शोधले. त्याच्या स्फटिकाची ठेवण बर्फासारखी असल्यामुळे अतिशीत थेंब त्याला बर्फाचाच कण समजतात म्हणा ना! आपल्या राज्यात २००३ साली आणि पुन्हा २०१५ च्या दुष्काळात कृत्रिम पावसासाठी विमाने उडाली, त्यामागे हीच विद्या. (उबदार ढगांसाठी मात्र मिठासारखे कण वापरतात, त्याचे शास्त्र वेगळे.)

आता या पाण्याची दुसरी बाजू. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेत इंडियाना राज्यात रोझलॉनजवळ एक प्रवासी विमान उतरण्याची वाट पाहत ढगात घिरट्या घालत होते. अतिशीत पाण्याचे टपोरे थेंब पंखांवर आदळून गोठत गेले, तेही बर्फ झाडण्याची सोय होती त्या भागाच्या मागे. विमान कोसळले आणि आतली ६८ माणसे गेली.

जानेवारी १९९८ मध्ये माझा पुतण्या मॉन्ट्रियलच्या दक्षिणेला राहत होता. फोन लागला तेव्हा त्याचे पहिले वाक्य होते, "काका, बर्फ नाही पडत, पाऊस पडतोय!" आम्हाला इकडे कळेना की पावसाची एवढी काय भीती. वर उबदार हवेचा थर, त्यात हिम वितळून पाऊस होतो. जमिनीलगत शून्याखालचा पातळ थर, त्यात थेंब अतिशीत होतात आणि तारेला, फांदीला, पायरीला टेकताच काचेसारखे चिकटतात. ५ ते १० जानेवारी हे चालू होते. विजेचे पोलादी मनोरे वाकून पडले, हजारो लाकडी खांब मोडले, लाखो घरे अंधारात गेली; काही ठिकाणी महिनाभर वीज नव्हती. रात्रभर फांद्या मोडल्याचे आवाज बंदुकीच्या बारासारखे येत, असे पुतण्या सांगे. गोठ्यात दूध काढायची यंत्रे बंद, घरात उबेसाठी पेटवलेल्या साधनांचा धूर कोंडून काही माणसे दगावली. कोरियन युद्धानंतर कॅनडाने एवढे सैन्य कधी बाहेर काढले नव्हते. आणि त्या पावसात थंडी किती होती? शून्याच्या जरा खाली, बस्स. तिथल्या लोकांना उणे पंचवीस सवयीचे. नुकसान केले ते कडाक्याच्या थंडीने नव्हे, तर गोठायचे राहून गेलेल्या पाण्याने.

हे आपल्यापासून लांब आहे असे मात्र समजू नका. आपल्या वळवाच्या ढगात साडेचार-पाच किलोमीटरच्या वर हेच अतिशीत पाणी असते. तिथे एखादा बर्फाचा कण वरच्या दिशेने वाहणाऱ्या हवेत तरंगत राहिला, की हे थेंब त्याच्यावर थापले जातात आणि गार तयार होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि इतरत्र जी गारपीट झाली, ती आठवा. काढणीला आलेला गहू, ज्वारी, हरभरा, बागेतली द्राक्षे आणि डाळिंबे चार-दोन मिनिटांत मातीत गेली. भर उन्हाळ्याच्या तोंडाशी बर्फ कुठून आला, असे तेव्हा गावातली मुले विचारत. "पाणी शून्याला गोठते" या वाक्यात त्या मुलांना उत्तर नाही.

म्हणून मला वाटते, पुस्तकातल्या त्या वाक्यापुढे आणखी दोन ओळी हव्यात. नातवंडांना दाखवायला एक सोपी गोष्ट सांगतो. पुन्हा कधी गारा पडल्या, तर वादळ ओसरू द्या, मग एखादी मोठी गार उचलून आणा आणि सुरीने मधोमध कापून बघा. कांद्यासारखे थर दिसतील, काही पांढुरके, काही काचेसारखे. पाणी झटकन गोठले तिथे हवेचे बुडबुडे अडकून पांढरा थर झाला, सावकाश गोठले तिथे पारदर्शक. मात्र घाई करा, कारण बर्फ वितळायला कुठल्याच निमित्ताची वाट पाहत नाही.