मॅनिंग की लीफ? १९९८ चा एक निवाडा आणि क्वार्टरबॅक पारखण्याचा इतिहास (धागा)

१/ १९९८ च्या वसंतात अमेरिकेच्या क्रीडाविश्वात एकच वाद रंगला होता : पेटन मॅनिंग की रायन लीफ? दोघेही महाविद्यालयीन फुटबॉल गाजवलेले क्वार्टरबॅक. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार असतो. चेंडू कोणाकडे आणि केव्हा जाणार, हे त्याच्या निर्णयावर अवलंबून असते.

२/ व्यावसायिक संघ नवे खेळाडू ‘ड्राफ्ट’मधून निवडतात. त्या वर्षी पहिला हक्क इंडियानापोलिस कोल्ट्सचा होता. मॅनिंगची ख्याती अभ्यासू वृत्तीसाठी, तर लीफची दणकट खांद्यासाठी. १८ एप्रिल रोजी कोल्ट्सने मॅनिंगला पसंती दिली. सॅन दिएगो चार्जर्सने तिसऱ्या क्रमांकावरून दुसऱ्यावर येण्यासाठी पुढील वर्षाची पहिल्या फेरीतील निवड आणि दोन खेळाडूही देऊन टाकले होते. त्यांनी लीफला घेतले.

३/ पुढचे सर्वश्रुत आहे. मॅनिंग पाच वेळा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याने दोन सुपर बोल जिंकले. लीफची कारकीर्द २००१ मध्ये संपली : गुण मिळवून देणाऱ्या फेकी १४, प्रतिस्पर्ध्यांनी झेललेल्या ३६. आज त्याचे नाव फसलेल्या निवडीचे उदाहरण म्हणूनच घेतले जाते.

४/ परंतु शेवट ठाऊक असला की आरंभही स्वच्छ दिसू लागतो. १९९८ च्या हंगामातील पहिल्या दोन आठवड्यांनंतर लीफचा संघ दोन्ही सामने जिंकला होता, मॅनिंगचा दोन्ही हरला होता. तिसऱ्या सामन्यात, २० सप्टेंबर रोजी, लीफच्या १५ फेकींपैकी केवळ एक यशस्वी झाली. तरीही वर्षअखेर मॅनिंगच्या खात्यावर प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेलेल्या २८ फेकी होत्या आणि कोल्ट्सने १६ पैकी तीनच सामने जिंकले होते.

५/ ही पारख इतकी अवघड का? महाविद्यालयात बलाढ्य संघाची गाठ अनेकदा दुबळ्या संघांशी पडते. चेंडू झेलणारा सहकारी मोकळा दिसतो आणि मग फेक करता येते. व्यावसायिक मैदानात समोरचे सारेच निवडक असतात. मोकळी जागा क्षणभर उघडते आणि मिटते. सहकारी वळण्यापूर्वीच चेंडू हातातून सुटावा लागतो. ही क्षमता महाविद्यालयीन आकडेवारीत क्वचितच उमटते.

६/ पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातील एका हॉटेलात झाला. फळ्यावर सुमारे ९० नावे होती. पहिली निवड झालेला जे बर्वँगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. पुढे मोजमापे वाढत गेली. १९८७ पासून इंडियानापोलिसमध्ये दरवर्षी उमेदवारांची उंची, वेग, उडी यांची पद्धतशीर चाचणी होऊ लागली.

७/ अशाच चाचणीत २००० साली टॉम ब्रेडी ४० यार्ड धावायला ५.२८ सेकंद घेत होता. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले. त्याचा क्रमांक १९९ वा. पुढच्या वर्षी न्यू इंग्लंडचा प्रमुख क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जखमी झाला, तेव्हा कुठे त्याला संधी मिळाली. ब्रेडीने सात सुपर बोल जिंकले.

८/ पण काही निवाड्यांत मोजपट्टीपेक्षा पूर्वग्रह मोठा होता. २ जानेवारी १९७८ रोजी वॉरेन मून रोज बोल सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तो कृष्णवर्णीय होता. आणि संघाचे ‘डोके’ मानल्या जाणाऱ्या या जागेसाठी कृष्णवर्णीय खेळाडू योग्य नाहीत, असा समज त्या काळी खोल रुजला होता. जागा बदलून खेळण्याचा सल्ला त्याने मानला नाही. ड्राफ्टपूर्वीच त्याने कॅनडाची वाट धरली. ड्राफ्टच्या बाराही फेऱ्यांत एकाही संघाने त्याचे नाव घेतले नाही.

९/ एडमंटनसाठी त्याने सलग पाच वेळा ग्रे कप जिंकला. १९८४ मध्ये ह्यूस्टनने त्याला परत आणले आणि २००६ मध्ये तो हॉल ऑफ फेममधील पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला.

१०/ निवडीनंतर काय घडते, हेही तितकेच निर्णायक असते. मॅनिंगला टॉम मूर हा आक्रमणाचा एकच प्रशिक्षक दहा वर्षांहून अधिक काळ लाभला. लीफच्या पहिल्याच हंगामात मध्यावर मुख्य प्रशिक्षकाची हकालपट्टी झाली. दुसरा हंगाम खांद्याच्या दुखापतीत गेला. लीफचे स्वतःचे दोष होतेच, पण त्याच्या अपयशाचा सारा हिशेब केवळ त्याच्या नावावर मांडता येत नाही.

११/ लीफच्या निवडीतील चूक जगाला दिसली, कारण त्याला मैदानावर उतरवले गेले. मूनला नाकारण्यातील चूक उघड झाली, कारण कॅनडात दुसरे मैदान उपलब्ध होते. ज्यांना असे दुसरे मैदान मिळाले नाही, त्यांच्याबाबतचे निवाडे बरोबर होते की चूक, हे सांगणारी एकही नोंद नाही. निवडीच्या इतिहासातील सर्वांत मोठी पोकळी हीच आहे.