डोलकाठी म्हणजे उलटी बोअरच!

पोस्ट लांब आहे, पण आषाढी एकादशीच्या आधी वाचाच.

रथाच्या दिवशी पिंप्राळ्यात दोन प्रकारचे डोळे कामाला लागलेले असतात. चाकाला मोगरी लावणाऱ्यांचे डोळे खाली आणि वायरमनचे डोळे वर. बाकी आपण सगळे विठोबाकडे बघत असतो. मोगरीवाल्याचं कौतुक होतं आणि व्हायलाच पाहिजे. वर बघणाऱ्याची आठवण मात्र काही बिघडलं तरच होते.

अशा वर बघणाऱ्या माणसांचा इतिहास आज सांगतो. सुरुवात जरा लांबून करतो, थेट समुद्रातून. खान्देशात कुठला समुद्र, असं म्हणू नका. शेवटी गाडी आपल्या चौकातच येते.

शिडाच्या जहाजाला मधोमध जो उंच खांब असतो ती डोलकाठी. पूर्वी ती भरीव लाकडाची असायची. रात्री दुसऱ्या जहाजाला आपण दिसावं म्हणून तेलाचा कंदील दोरीने वर चढवायचे. 1848 मध्ये ब्रिटनने वाफेच्या जहाजांना डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि डोलकाठीवर पांढरा दिवा सक्तीचा केला. वाफेची जहाजं वेगात जाऊ लागली होती, धडका वाढल्या होत्या. आधी अपघात आणि मग नियम, हा क्रम तेव्हाही होता.

पुढे वीज आली, बिनतारी संदेश आला. 1912 ची टायटॅनिक आठवा. तिची संदेशाची तार दोन डोलकाठ्यांच्या मध्ये ताणलेली होती. तिथूनच मदतीची हाक गेली आणि सातशेच्या वर माणसं वाचली. डोलकाठी आता शीड धरायची काठी राहिली नव्हती, जहाजाचा आवाज तिच्यावर जाऊन बसला होता.

आता आपल्याकडचं बघा. 1960 च्या दशकात मुंबईत, कुलाब्याला, आपल्या सुतारांनी हातच्या हत्यारांनी 32 फुटी सागवानी बोट बांधली. नाव सुहेली. त्याच बोटीतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन एकटे, कुठेही न थांबता, 312 दिवसांत पृथ्वीला फेरी मारून आले. असं करणारा तो जगातला पहिला माणूस. वाटेत त्यांचा रेडिओ बंद पडला. नोव्हेंबर 1968 मध्ये न्यूझीलंडजवळ ते लोकांना दिसले आणि त्यानंतर थेट एप्रिल 1969 पर्यंत काही खबर नाही. माणूस जिवंत होता, बोट चालत होती, पण जगाच्या लेखी दोन्ही गेल्यात जमा. संपर्क तुटला की काय होतं ते यावरून समजतं.

नंतर हे वेड आपल्या नौदलात आलं ते एका मराठी माणसामुळे. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी, 1971 च्या युद्धातले वीरचक्र. निवृत्तीनंतर राहायचे कुठे, तर फलटणजवळच्या विंचुर्णीत. तिथूनही समुद्र आपल्यासारखाच दूर! भारतात बांधलेल्या बोटीतून भारतीयाने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांचा. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 'म्हादेई' तयार झाली आणि 2009-10 मध्ये कमांडर दिलीप दोंदे ती फेरी पूर्ण करून आले. असं करणारे पहिले भारतीय. 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी त्याच बोटीतून न थांबता जाऊन आले. 2017-18 मध्ये दांडेकरांकडेच बांधलेल्या 'तारिणी'तून नौदलाच्या सहा महिला अधिकारी निघाल्या आणि 254 दिवसांनी गोव्यात परतल्या.

या तारिणीची डोलकाठी 25 मीटरची. म्हणजे 82 फूट, आठ मजली इमारत. आतून पोकळ. त्या पोकळीतून दिव्याची वायर, रेडिओची वायर, वाऱ्याचा वेग सांगणाऱ्या यंत्राची वायर वर जाते. शीड ओढायचे दोरही आतूनच.

आता जरा थांबा आणि आपल्या शेतातली बोअर आठवा. मोटर सोडताना वायर पाईपाला ठराविक अंतरावर बांधत जातात. का? नाहीतर ती केसिंगला घासते, सोलते, आणि वजनाने जॉइंट ओढला जातो. डोलकाठी म्हणजे हीच बोअर, फक्त उलटी! दुखणी तीच. 25 मीटर वायर नुसती लोंबकळत सोडली तर सगळं वजन वरच्या स्क्रूवर येतं, म्हणून वायरला वर वेगळी पकड द्यावी लागते. बोट डुलली की वायर आतल्या भिंतीवर आपटते, रात्रभर टणटण. उपाय भारी आहे. वायरला दर दोन-तीन फुटांवर प्लॅस्टिकच्या तीन पट्ट्या बांधायच्या आणि त्यांची शेपटं कापायची नाहीत. ती तीन बाजूंनी भिंतीला टेकतात आणि वायर मधोमध राहते.

जुनी वायर बदलायची असेल तर नवी तिच्या टोकाला बांधून ओढून घेतात. गाठ मात्र जाडजूड ठेवायची नाही. मध्येच अडकली तर दोन्ही वायरी गेल्या. जुनी आधीच तुटली असेल तर वरून दोरीला सायकलची चेन बांधून सोडतात. ती वजनाने सरळ खाली उतरते, वाटेत अडत नाही. आपला वायरमन भिंतीच्या पाईपात स्प्रिंग घालतो, तेच हे.

व्होल्टेजचंही तसंच. बोटीवर 12 व्होल्टची बॅटरी. वर 25 वॅटचा जुना बल्ब असेल तर तो साधारण 2 अँपिअर घेतो. जाऊन-येऊन 50 मीटर वायर झाली. ती 1 स्क्वेअर एमएमची घातली तर पावणेदोन व्होल्ट वाटेतच जिरतात आणि उजेड जवळपास निम्म्यावर येतो. शेवटच्या शेतातल्या मोटरला व्होल्टेज मिळत नाही त्याचं कारण यापेक्षा वेगळं नाही. एलईडी आल्यावर तोच दिवा 2-3 वॅटवर भागतो, म्हणून आता हा त्रास कमी झाला.

आणि तांबं? खाऱ्या हवेत साधं तांबं आतून काळं पडतं, म्हणून तिथे कल्हई केलेल्या तारांची वायर वापरतात. आपल्या आज्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करून घ्यायच्या, तीच युक्ती.

हे सगळं काम दिसत नाही. फोटो शिडाचा येतो. पण सप्टेंबर 2018 मध्ये हिंदी महासागरात अभिलाष टॉमींच्या 'थुरिया'ची डोलकाठी वादळात मोडली. पाठीला जबर इजा झाली, उठता येईना. डोलकाठी गेली की तिच्यावरचा दिवा आणि अँटेनाही जातो. त्यांना वाचवलं ते वेगळ्या ठेवलेल्या उपग्रह संदेशाच्या यंत्राने. त्यातून ते निरोप पाठवत राहिले आणि तीन दिवसांनी फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. दुसरी सोय आधीच करून ठेवणं, या कामाची खरी शिकवण हीच आहे.

आता चौकात या भाऊ.

27 एप्रिल 2022. तामिळनाडूत तंजावरजवळ काळीमेडू गावात रथाचा वरचा भाग उच्चदाबाच्या तारेला लागला. 11 माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. पुढच्याच वर्षी जूनमध्ये त्रिपुरात कुमारघाटला लोखंडी रथाचं तेच झालं. दोन्हीकडे भक्ती कमी नव्हती, वर बघणारा कमी पडला.

आपला रथ आपल्या वाडवडिलांनी वाहायला सुरुवात केली तेव्हा रस्त्यावर तारा नव्हत्या. त्यानंतर तारा आल्या, केबल आली, इंटरनेटची वायर आली, कमानी आल्या. डांबरावर डांबर आणि काँक्रीट चढून रस्ताही वर आला. रथ तेवढाच राहिला तरी वरची मोकळी जागा दरवर्षी कमी होतेय, हे कुणी मोजलंय का?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. एक, रथाची उंची कळस-झेंड्यासकट मोजून लिहून ठेवा. दोन, मार्गावरची प्रत्येक तार आठ दिवस आधी जमिनीपासून मोजा, गेल्या वर्षीच्या मापावर जाऊ नका. तीन, लाईट बंद झाली असं कुणी फोनवर सांगितलं म्हणून तारेला हात लावू नका. लेखी परवाना आणि तार टेस्ट करून अर्थिंग केल्यावरच काम. चार, रथावरच्या रोषणाईच्या जनरेटरला आणि वायरला कुठेही टेपचा उघडा जॉइंट नको.

आणि पाचवं. रथाच्या दिवशी मानाचे नारळ खूप जणांना देतो आपण. यंदा एक नारळ त्या दिवशी खांबावर चढणाऱ्या वायरमनला द्या. तो विठोबाकडे पाठ करून तारेकडे बघत उभा असतो, म्हणून आपण निवांत विठोबाकडे बघू शकतो.

तुमच्या गल्लीत कुठे तार खाली आलेली असेल तर कमेंटमध्ये ठिकाण लिहा. यादी करू आणि सगळे मिळून वेळेत अर्ज देऊ.

जय हरी विठ्ठल!