मळसूत्राचा हात

कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून आलेला ‘कर्जत-३’ असो वा खालापूरच्या खाचरातला दुसरा कोणताही वाण, त्याच्या दाण्यातील स्टार्चच्या साखळ्या एकमेकींभोवती वळून दुहेरी मळसूत्र घडवतात; आणि ते डाव्याच वळणाचे असते. कारण या साखळ्या ज्या ग्लुकोजच्या बनतात, तो निसर्गात एकाच हाताचा आहे. तेथे निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही.

प्रश्न उद्भवतो तो दोन्ही हातांचे रेणू एकत्र आल्यावर. १८४८ साली लुई पाश्चरने टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे परस्परांच्या आरशातील प्रतिमांसारखे स्फटिक चिमट्याने वेचून वेगळे केले. निवडणारा येथे माणूस होता. १९९३ मध्ये झाँ-मारी लेन व सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या लांबीचे कृत्रिम धागे तांब्याच्या आयनांसह एकाच द्रावणात सोडले, तेव्हा प्रत्येक धाग्याने स्वतःच्या लांबीचाच जोडीदार शोधला. निवड आता रेणूंकडे आली होती.

वळणाची कथा याहून सूक्ष्म आहे. १९९१ मध्ये कोपनहेगनच्या पीटर नील्सन व सहकाऱ्यांनी डीएनएचा शर्करा-फॉस्फेटचा कणा काढून तेथे प्रथिनांसारखा कणा बसवला. हा पीएनए. त्याच्या कण्याला उजवे-डावे नाही. म्हणून त्याची दुहेरी मळसूत्रे दोन्ही वळणांची, समसमान होतात. मात्र १९९४ मध्ये असे दिसले की, टोकाला लायसिनचा एकच रेणू जोडला तरी सारी रचना एका बाजूस झुकते. लायसिनचा हात बदलला की वळणही उलटते. बोरघाटापलीकडे, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कृष्णा गणेश आणि वैजयंती कुमार यांनी कण्यातच कडी गुंफून पीएनएला हात दिला. सहा कार्बनांचे कडे असलेला त्यांचा पीएनए डीएनएपेक्षा आरएनएशी अधिक घट्ट जोडला जातो, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. रोगकारक आरएनएला नेमके गाठू पाहणाऱ्या औषधसंशोधनात अशा निवडीला मोल आहे.

‘सजातीय सजातीयाकडेच जाते’ असा बोध यातून काढण्याचा मोह साहित्याच्या अभ्यासकाला होईल. तो आवरावा. उजव्या-डाव्यांच्या मिश्रणात काही कृत्रिम रेणू स्वतःच्याच हाताचा सोबती निवडतात, तर काही कटाक्षाने विरुद्ध हाताचा. कोणता नियम चालेल, हे एकट्या रेणूच्या कुळावर ठरत नाही. दोघांच्या आकारांची सांगड कशी बसते, यावर ठरते. रसायनशास्त्रातून रूपक उचलायचेच, तर ते असे पुरते उचलावे.