४२९४९६७२९७ (संख्या)

४,२९,४९,६७,२९७ (चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लक्ष सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव) ही दहा अंकी विषम नैसर्गिक संख्या आहे. दोनाच्या ३२ व्या घातात एक मिळवल्यास ती मिळते. पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचे मूळ संख्यांविषयीचे अनुमान या संख्येमुळे असत्य ठरले. त्यामुळे संख्या सिद्धांताच्या इतिहासात तिला विशेष स्थान आहे.

अनुमान व खंडन

दोनाच्या १, २, ४, ८, १६, ३२... या घातांत एक मिळवून येणाऱ्या संख्यांना फर्मा संख्या म्हणतात. त्यांपैकी पहिल्या पाच, म्हणजे ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७, या मूळ संख्या आहेत. यावरून अशा सर्वच संख्या मूळ असाव्यात, असे मत फर्मा यांनी इ.स. १६४० च्या सुमारास मांडले. मात्र त्याची सिद्धता त्यांना देता आली नाही. इ.स. १७३२ मध्ये लिओनार्ड ऑयलर यांनी सहावी फर्मा संख्या संयुक्त असल्याचे दाखवले :

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७

हे दोन्ही अवयव मूळ संख्या आहेत.

अवयवांचे स्वरूप

या संख्येचे वर्गमूळ ६५,५३६ हून किंचित अधिक आहे. केवळ भागाकाराने तिची परीक्षा करावयाची झाल्यास तिथपर्यंतच्या ६,५४२ मूळ संख्या तपासाव्या लागतील. परंतु तिच्या प्रत्येक मूळ अवयवाला ६४ ने भागल्यास बाकी १ उरते, हे ऑयलर यांनी सिद्ध केले. या नियमात बसणाऱ्या मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ अशा आहेत. म्हणजे पाचव्याच प्रयत्नात अवयव सापडतो.

६४१ ने भाग जातो याची सिद्धता भागाकार न करताही देता येते. ६४० ला ६४१ ने भागल्यास बाकी −१ मानता येते. म्हणून ६४० च्या चौथ्या घाताची बाकी १ येते. ६४० = ५ × १२८ असल्याने हा चौथा घात म्हणजे ६२५ गुणिले दोनाचा २८ वा घात. ६२५ + १६ = ६४१ असल्यामुळे बाकी काढताना ६२५ च्या जागी −१६ घेता येतात. १६ हा दोनाचा चौथा घात असल्याने उणे दोनाच्या ३२ व्या घाताची बाकी १ ठरते. अर्थात, दोनाच्या ३२ व्या घातात एक मिळवल्यास ६४१ ने निःशेष भाग जातो.

इतर गुणधर्म

* विषम मूळ संख्येहून एकने लहान असा दोनाचा घात घेऊन त्या मूळ संख्येने भागल्यास बाकी १ उरते, हे फर्मा यांच्याच प्रमेयावरून कळते. प्रस्तुत संख्या संयुक्त असूनही या कसोटीस उतरते. दोनाऐवजी तीन घेतल्यास मात्र तिचे संयुक्तत्व उघड होते.
* इतक्या बाजूंची सुसम बहुभुजाकृती केवळ पट्टी व कंपास यांनी काढता येत नाही. याउलट, दोनने लहान असलेली ४,२९,४९,६७,२९५ ही संख्या पहिल्या पाच फर्मा संख्यांचा गुणाकार असल्याने तितक्या बाजूंची आकृती तत्त्वतः काढता येते.

सद्यःस्थिती

या संख्येपासून पुढच्या सलग अठ्ठावीस फर्मा संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे. ६५,५३७ हून मोठी एकही मूळ फर्मा संख्या आजवर आढळलेली नाही. तशी संख्या अस्तित्वात आहे की नाही, हा प्रश्न अनिर्णित आहे.