ताम्रनलिकेची कुळकथा

सोलापुरात वैशाखातल्या दुपारी पारा चाळिशी ओलांडून वर चढतो, तेव्हा एखाद्या कोंदट खोलीत, वीतभर पेटीत बसवलेला आणि खेळांसाठी कारखान्याने नेमून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने पिटाळलेला संगणक ज्या एका वस्तूच्या भरवशावर तग धरतो, ती म्हणजे करंगळीहून बारीक, दोन्ही टोके बंद केलेली तांब्याची नळी. बाजारात तिला 'हीट पाइप' म्हणतात.

या घराण्याचा मूळपुरुष शोधू गेल्यास आपण 19व्या शतकातील इंग्लंडात, पर्किन्स कुटुंबाच्या बंद नळीपाशी पोहोचतो. तिचे खालचे टोक तापले की आतल्या थोड्या पाण्याची वाफ वर जाई, तेथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होई आणि खाली उतरे; पावाच्या कित्येक भट्ट्या अशा नळ्यांनी तापत असत. मात्र पाण्याची परतीची वाट सर्वस्वी गुरुत्वाकर्षणाच्या स्वाधीन असल्यामुळे नळी आडवी वा उलटी केली की सारा व्यवहार ठप्प होई. ही उणीव दूर करण्यासाठी नळीत वात घालण्याची कल्पना अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या गॉगलर यांनी शीतकरणाच्या संदर्भात मांडली आणि 1944 साली तिचे एकस्व मिळवले. परंतु ते दप्तरीच राहिले. पुढे 1963 साली अमेरिकेतल्याच लॉस अलामॉस प्रयोगशाळेतील जॉर्ज ग्रोव्हर यांनी, अंतराळयानांच्या वीजनिर्मितीचा विचार करीत असता, तीच युक्ती स्वतंत्रपणे सिद्ध केली. कारण जेथे वर-खाली हा भेदच उरत नाही तेथे वातीवाचून गत्यंतर नव्हते.

आजची नळी मधोमध कापून पाहिली तर आत पोकळी दिसते आणि तांब्याची भुकटी भाजून भिंतीला बसवलेला एक खरबरीत, सच्छिद्र थर दिसतो; हीच ती वात. हवा काढून घेतलेल्या या पोकळीत पाण्याचे मोजके थेंब असतात आणि दाब अत्यल्प असल्यामुळे ते शंभर अंशांच्या पुष्कळ अलीकडेच उकळतात. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 2,200 ते 2,400 जूल उष्णता शोषली जाते. ती घेऊन वाफ पंख्याकडील पातळ पत्र्यांपाशी जाते, तेथे निवून तिचे पुन्हा पाणी होते, आणि ज्या केशाकर्षणाने सोलापुरी टॉवेलाचे सुती फासे अंगावरचे पाणी टिपून घेतात, त्याच केशाकर्षणाने ते वातीतून परत ओढले जाते.

संगणकाच्या घरात या नळीचा प्रवेश मात्र उशिराचा. आरंभीचे प्रोसेसर उघडेच चालत. 1990 नंतर त्यांच्या डोक्यावर पत्रे आणि पंखे आले. 1998 साली 300 मेगाहर्ट्झचा सेलेरॉन प्रोसेसर 450 वर चालवून हौशी मंडळींनी वेगवाढीची चटक लावली, आणि 2001 साली अवघ्या 17 सेंटिमीटर चौरस मिनी-आयटीएक्स बोर्डाने पेट्या आखडल्या. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून दोन्ही दहा-दहा टक्के चढवले की उष्णता सुमारे 33 टक्के वाढते. मोठ्या पंख्याला जागा नाही आणि उष्णतेला तर वाट हवी, या पेचातून नळी सुटका करते. तिला वाकवावे, आडवी न्यावी, तरी ती उष्णता दूरच्या कोपऱ्यापर्यंत बिनतक्रार पोचवते.

तथापि नळी उष्णतेचा नाश करीत नाही. ती केवळ तिची बदली करते, आणि बदलीचे शेवटचे ठाणे खोलीतील हवा हेच असते. 25 अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर 80 अंशांवर राहतो, तो तेवढ्याच श्रमाला 40 अंशांच्या खोलीत 95च्या आसपास जातो, आणि शंभराच्या उंबरठ्याशी आला की स्वतःच आपला वेग कमी करून घेतो. म्हणून सोलापुरात वेगवाढीची पहिली तजवीज व्होल्टेज थोडे उतरवण्याची असावी: वर्गाचा नियम येथे आपल्या बाजूने उभा राहतो, वेगात फारशी तूट न येता उष्णता लक्षणीय घटते. दुसरी तजवीज पेटीतून बाहेर पडणारी गरम हवा पुन्हा आत शिरणार नाही अशी मांडणी करण्याची. या दोन गोष्टी सांभाळल्या, तर अंतराळासाठी घडलेली ही नळी दख्खनच्या उन्हाळ्यातही आपले काम चोख बजावते.